जनपदोद्ध्वंस आणि आपला प्रभाग : पदवी अभ्यासक्रमातील नागरी पर्यावरणाचे अध्ययन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आयुर्वेदाच्या प्रत्येक पदवीधराने अभ्यासलेला असतो. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असल्याने ते बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हा जनपदोद्ध्वंसाचा सिद्धांत आपण सर्वांनी उत्तरपत्रिकेत अनेकदा लिहिला आहे. विकृत वायूची लक्षणे, विकृत जलाची लक्षणे क्रमाने सांगता आली की गुण मिळतात. परंतु ती लक्षणे आपल्या चिकित्सालयाच्या खिडकीबाहेर ओळखण्याचा अभ्यास आपण कधी केला का, हा प्रश्न स्वतःस विचारला तर बहुतेकांना उत्तर देणे जड जाईल. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीच्या वर्षाऋतूतील ही गोष्ट आहे. पुण्याच्या एका वाढत्या उपनगरात माझे चिकित्सालय आहे. त्या श्रावणात चार लहान मुले अतिसाराची तक्रार घेऊन वरचेवर येत होती. कुटज, बिल्व, मुस्ता, लाजामंड असा उपक्रम करावा, मूल चारसहा दिवसांत बरे व्हावे आणि पंधरवड्याने पुन्हा दारात उभे राहावे, असे चालले होते. मी अग्निमांद्याचा विचार केला, बेकरीचे पदार्थ बंद करावयास सांगितले, मातांना पथ्य पाळत नसल्याबद्दल दोन शब्द सुनावलेही.

त्या काळात आंतरवासितेतील एक विद्यार्थिनी अनुभवासाठी माझ्याकडे येत असे. रुग्णपत्रे नीट लावून ठेवण्याचे काम तिच्याकडे होते. एके दिवशी ती म्हणाली, “सर, या चारही मुलांच्या पत्त्यात इमारत एकच आहे.”

त्या सायंकाळी आम्ही दोघे त्या इमारतीत गेलो. महापालिकेचे पाणी तेथे अपुरे येई, उरलेली गरज टँकरने भागे. जमिनीखालच्या टाकीचे झाकण तडकलेले होते आणि जेमतेम दोन हातांवर सांडपाण्याचे चेंबर तुंबलेले होते. पाऊस जोराचा झाला की चेंबरचे पाणी टाकीच्या तोंडापर्यंत येई. रखवालदाराला हे माहीत होते. आम्हाला नव्हते, कारण आम्ही त्यास कधी विचारले नव्हते. तीन पत्रे आणि दोन बैठकांनंतर टाकी स्वच्छ झाली, झाकण बदलले, चेंबर दुरुस्त झाले. त्यानंतर त्या वर्षी ती मुले अतिसारासाठी माझ्याकडे आली नाहीत.

मला त्या प्रसंगाची आजही खंत वाटते. विकृत गंध, वर्ण, रस आणि स्पर्श असलेल्या, अतिक्लिन्न जलाचे वर्णन मला मुखोद्गत होते. पण रुग्णाच्या घरी पाणी कोठून येते, हा प्रश्न माझ्या रुग्णपत्रात नव्हता. निदान परिवर्जन हीच प्रथम चिकित्सा असे म्हणणाऱ्या शास्त्राचा मी पदवीधर, आणि निदान चिकित्सालयापासून पाच मिनिटांच्या अंतरावर उघड्यावर पडलेले होते. मातांना सुनावलेले ते दोन शब्द परत घेता आले नाहीत.

अभ्यासक्रमात काय आहे?

पर्यावरणाचे अध्ययन पदवी शिक्षणात अनिवार्य असावे, हा विचार नवा नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा एक समान पाठ्यक्रम तयार केला. त्यात आठ घटक आणि ५० व्याख्याने होती. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असे विषय घेऊन शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा ठेवला होता. स्थानिक प्रदूषित स्थळास भेट देऊन अहवाल लिहिणे त्यात अपेक्षित होते. १०० गुणांपैकी २५ गुण या क्षेत्रकार्यास होते.

या पाठ्यक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले, ही बाब आपल्यासारख्या चिकित्सकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. डॉ. भरुचा हे शल्यचिकित्सक. वैद्यकाचा पदवीधर देशातील सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण शिकवू शकतो, याचे हे उदाहरण आपल्याच शहरातील आहे.

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय मुख्यतः स्वस्थवृत्ताकडे येतो. सामाजिक स्वस्थवृत्तात वायू, जल, भूमी, निवास, मलनिर्हरण, जनपदोद्ध्वंस हे सारे आहे. जलशुद्धीकरण केंद्रास भेट देण्याची प्रथाही जुनी आहे. म्हणजे उणीव विषयाची नाही. उणीव आहे ती विषय आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या दुव्याची. विद्यार्थी बसने जलशुद्धीकरण केंद्रात जातात, तुरटीची टाकी आणि वाळूचे गाळणथर पाहतात, अहवालात आकृती काढतात आणि परत येतात. केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी पुढे कोणत्या जलवाहिनीतून, कोणत्या टाकीतून, कोणत्या टँकरमधून रुग्णाच्या पेल्यात पोहोचते, ही अर्धी वाट कोणीच चालत नाही. माझ्या अनुभवातील बिघाड याच अर्ध्या वाटेवर होता.

पुण्याचे उदाहरण

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जे घडले त्याने हा मुद्दा अधिक गांभीर्याने पुढे आणला. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या पुढे गेली आणि काही मृत्यूही झाले. रुग्णांच्या मलपरीक्षणात अनेकांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. या व्याधीत आधी आंत्रसंसर्ग होतो. तो शमल्यावर एक ते तीन आठवड्यांत, त्या जंतूविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नाड्यांवर आघात करते आणि पायांपासून वर चढत जाणारे दौर्बल्य येते. श्वसनाचे स्नायू बाधित झाल्यास कृत्रिम श्वसनाची गरज पडते. अशा रुग्णास विलंब न करता सुसज्ज रुग्णालयात पाठविणे हेच आपले कर्तव्य होय.

परंतु आपल्यापैकी कित्येकांकडे असा रुग्ण दोन आठवडे आधी साध्या अतिसारासाठी येऊन गेलेला असू शकतो. त्या वेळी पाण्याची विचारपूस झाली, परिसरातील इतर रुग्णांशी ताडून पाहिले गेले आणि आरोग्य विभागास कळविले गेले, तर वैद्याचे काम वेळेवर झाले असे म्हणता येते.

हा परिसर विचारपूर्वक पाहावा असा आहे. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. इमारती आधी उभ्या राहिल्या, लोक राहावयास आले, आणि जलवाहिन्या व मलवाहिन्या त्यांच्या मागून येत राहिल्या. दरम्यानच्या काळात विहीर, विंधन विहीर आणि टँकर यांवर सहस्रावधी कुटुंबांची भिस्त राहिली. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असूनही पायथ्याच्या वस्तीत शुद्ध पाण्याची खात्री नसावी, ही नागरी पर्यावरणाची समस्या आहे आणि ती शेवटी आपल्या रुग्णपत्रावर अतिसार म्हणून नोंदली जाते.

संहितेकडे पुन्हा पाहताना

अशा वेळी जनपदोद्ध्वंसनीय अध्याय नव्या दृष्टीने वाचावासा वाटतो. त्यातील प्रसंग कांपिल्य या राजधानीच्या परिसरात, गंगेच्या काठी, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात घडतो. भगवान आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत आणि चालता चालता निसर्गातील बिघाड दाखवीत आहेत. या अध्यायाचे अध्यापन मुळातच क्षेत्रभेटीत झाले आहे. आपण त्यास वर्गात कोंडले.

त्यातील तीन मुद्दे नागरी पर्यावरणाच्या अभ्यासकाने विशेष पाहावेत.

पहिला मुद्दा लक्षणांचा. विकृत वायूच्या लक्षणांत दुर्गंध, बाष्प, वाळू, धूळ आणि धूर यांचा उल्लेख आहे, भयंकर आवाजाचाही आहे. विकृत देशाच्या लक्षणांत डास, माश्या आणि मूषक यांचे बाहुल्य सांगितले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पोहोचला, तेव्हा दाट वस्ती आणि उंदीर यांचा या रोगाशी असलेला संबंध समजावयास जगास काही काळ लागला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. हाही मूषकांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचाच व्याधी. मूषक हा शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने या दोन घटना त्याखाली लिहिल्या पाहिजेत.

दुसरा मुद्दा दुष्परिहार्यतेचा. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हा टाळण्यास अधिक कठीण, म्हणून अधिक गंभीर, असा क्रम आचार्यांनी दिला आहे. आजच्या शहरात हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो का? पाणी उकळून घेता येते. पण दिवसाचे दहा तास चौकाचौकांतून रिक्षा चालविणाऱ्या तमकश्वासाच्या रुग्णाने रज आणि धूम हे हेतू कसे टाळावेत? त्यास निदान परिवर्जन सांगणे म्हणजे उदरनिर्वाह सोडावयास सांगणे होय. या प्रश्नावर विद्यार्थ्यांमध्ये संभाषा घडवावी. विमानस्थानातच तद्विद्यसंभाषेचा विधी सांगितलेला आहे, त्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या विकृतीचे मूळ आचार्य अधर्मात आणि प्रज्ञापराधात सांगतात, आणि तो अधर्म प्रथम देश, नगर, निगम व जनपद यांच्या प्रमुखांकडून सुरू होतो, असे स्पष्ट म्हणतात. म्हणजे नगराच्या कारभाराचा रोगाशी असलेला संबंध संहितेने स्वीकारलेला आहे. व्यक्तीचा अपथ्यसेवनाचा दोष वेगळा आणि नगराचा दोष वेगळा. मी त्या मातांना बोल लावला, तेव्हा हे दोन दोष मी एकत्र केले होते.

सावधगिरीची दोन स्थळे

या विषयात आपल्याकडून अतिशयोक्ती होण्याचा धोकाही आहे. निर्मलीचे बीज उगाळून पाण्यात टाकल्याने गढूळपणा बसतो, हे खरे. पण सुश्रुताचार्यांनी गढूळ पाणी निवळण्याचे उपाय वेगळे सांगितले आहेत आणि दूषित पाण्यासाठी अग्नीवर उकळणे, सूर्यतापाने तापविणे, तप्त लोह विझविणे हे उपाय वेगळे सांगितले आहेत. स्वच्छ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही, हा भेद त्यात अभिप्रेत आहे. तो विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला पाहिजे.

तसेच धूपनाचे. विशिष्ट स्थानी, विशिष्ट प्रयोजनाने केलेले धूपन हे शास्त्रोक्त कर्म आहे. त्यावरून धुराने शहराची हवा शुद्ध होते असा दावा करणे योग्य नाही. सूक्ष्म कणांच्या दृष्टीने धूर हा धूरच. पीएम २.५ या कणांसाठी भारताच्या २००९ च्या मानकांनी वार्षिक सरासरीची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठरविली, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ पर्यंत खाली आणण्याची शिफारस केली. श्वासाच्या रुग्णाच्या बंद खोलीत धूर करण्यापूर्वी वैद्याने हे आकडे आठवावेत.

काय करता येईल?

अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता, आहे त्याच चौकटीत प्रत्येक महाविद्यालयास पुढील गोष्टी करता येतील.

१. महाविद्यालयाच्या रुग्णालयाभोवतीचा एक प्रभाग द्वितीय व्यावसायिक वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावा. पाण्याचा स्रोत, टाक्या, उघडी गटारे, कचऱ्याच्या जागा, डासांची उत्पत्तिस्थाने यांचा हाताने काढलेला नकाशा त्यांनी तयार करावा. पुढच्या तुकडीने तोच नकाशा अद्ययावत करावा.

२. नळाच्या पाण्यातील शेष क्लोरीन क्लोरोस्कोपने मोजणे प्रत्येक विद्यार्थ्यास आले पाहिजे. पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर येणारा पिवळा रंग तुलना करून पाहावयाचा असतो, पाच मिनिटांचे काम आहे. भारतीय मानकानुसार शेष क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावे. केंद्राजवळ, मध्यावर आणि वाहिनीच्या टोकाशी असे तीन नमुने घेतले की ती अर्धी वाट दिसू लागते.

३. ध्वनीचा अभ्यास रुग्णालयाच्या दारातच होऊ शकतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. विद्यार्थ्यांनी ती मोजून अनिद्रेच्या रुग्णांच्या तक्रारींशी पडताळावी.

४. महाराष्ट्रातील महानगरपालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल प्रसिद्ध करतात. तो ग्रंथालयात मागवावा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘सफर’ प्रणालीतून हवेची स्थिती कळते. बाह्यरुग्ण विभागातील कास-श्वासाची दैनंदिन नोंद आणि त्या दिवसाची हवा एका वहीत शेजारी शेजारी लिहीत गेल्यास विद्यार्थ्यांस ऋतुचर्येचा नागरी अर्थ उमगेल.

५. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यांनी वनस्पतीच्या ओळखीबरोबर ती कोठून आली हेही विचारावे. देश विकृत होण्यापूर्वी औषधी संग्रहित कराव्यात, असे याच अध्यायात सांगितले आहे. ब्राह्मी ओलसर जागी वाढते आणि जड धातू शोषून घेते. सांडपाण्याच्या ओढ्याकाठची ब्राह्मी मेध्य म्हणून देता येईल का, हा प्रश्न विकृत देशाच्या अध्ययनाचाच भाग आहे.

६. आणि महत्त्वाचे म्हणजे, क्षेत्रकार्याचा अहवाल वर्गातील कपाटात न ठेवता त्याची एक प्रत प्रभाग कार्यालयात आणि एक प्रत आरोग्य विभागात पोहोचविण्यात यावी. उत्तर आले नाही तर पुन्हा पत्र लिहावे. पत्र कसे लिहावे, कोणास लिहावे, त्याची पोच कशी घ्यावी, हेही शिक्षणच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आधीच भारावलेल्या अभ्यासक्रमात हे ओझे कशासाठी, वैद्याने चिकित्सा करावी, गटारे पाहणे पालिकेचे काम. हा आक्षेप मलाही पूर्वी पटत असे. परंतु माझ्या त्या चार रुग्णांत औषध योग्य होते, मात्रा योग्य होती, पथ्यही बव्हंशी योग्य होते, तरीही चिकित्सा अपुरी होती. हेतू कायम असताना केलेले शमन किती दिवस टिकणार? आणि हेतू शोधण्याची कला वैद्याने शिकावयाची नाही, तर कोणी?

रुग्णपत्रातील तीन ओळी

त्या श्रावणानंतर मी माझ्या रुग्णपत्रात तीन ओळी वाढविल्या. घरी पिण्याचे पाणी कोठून येते व कशात साठविले जाते? घराच्या आणि कामाच्या जागी श्वासात काय जाते? आपल्या इमारतीत किंवा गल्लीत असाच त्रास आणखी कोणास आहे? प्रकृतिपरीक्षणास लागणाऱ्या वेळापुढे या तीन प्रश्नांना लागणारा वेळ नगण्य आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले की मी मागची रुग्णपत्रे काढून पत्ते पाहतो.

ती विद्यार्थिनी आता एका तालुक्याच्या गावी स्वतंत्र व्यवसाय करते. मध्यंतरी तिचा दूरध्वनी आला होता. गावातील विषमज्वराचे रुग्ण एकाच जुन्या जलवाहिनीवरील घरांतील असल्याचे तिला आढळले होते आणि ग्रामपंचायतीस कोणत्या स्वरूपाचे पत्र द्यावे, हे तिला विचारावयाचे होते. मी माझ्याजवळचा जुना मसुदा तिला पाठविला. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असा एक मसुदा आणि तो लिहिण्याइतका क्षेत्राचा अनुभव असावा, एवढीच या लेखामागील इच्छा आहे. अध्यापक बंधू-भगिनींनी येत्या सत्रात एका प्रभागापासून आरंभ करावा आणि आलेले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत.